बाळाचा मॉनिटर: कधी घ्यायचा, कोणता घ्यायचा आणि कुठे ठेवायचा

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं असं की मॉनिटर, म्हणजे दुसऱ्या खोलीतल्या बाळाचा आवाज किंवा चित्र आपल्यापर्यंत पोचवणारं यंत्र, बाळ जन्मायच्या आधी घेऊ नका. डोहाळजेवण झालं की मित्रमंडळी खरेदीच्या याद्या पाठवायला लागतात. त्यात हे यंत्र बाबागाडीच्या खालोखाल असतं आणि जावईमंडळी रात्री दोन दोन वाजेपर्यंत रिव्ह्यू वाचत बसतात. त्या वेळात झोपून घ्या. पुढे झोप मिळणार नाही.

घाई का नको, ते सांगतो. इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सांगते की पहिले सहा महिने बाळाने दिवसाही आणि रात्रीही मोठ्यांच्याच खोलीत झोपावं. आपल्याकडे हे कुणी सांगावं लागत नाही, बाळ आईच्या कुशीपासून लांब गेलेलं कुणाला चालतंय? (इथे मात्र बाळाचं अंथरूण वेगळं हवं, एकाच पलंगावर नको, असा आग्रह असतो.) तर बाळ हाताच्या अंतरावर असताना त्याचा आवाज रेडिओवरून ऐकायची गरजच पडत नाही. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत परत करायचा हक्क इथला कायदा देतो. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात हौसेने मागवलेलं यंत्र घरात नीट चालतं की नाही हे कळेपर्यंत ती मुदत कधीच संपलेली असते आणि वॉरंटीही निम्मी सरलेली असते. बाळ पाच महिन्यांचं झालं, त्याला वेगळ्या खोलीत हलवायचा विचार घरात सुरू झाला की मग घ्या.

मी सांगलीचा. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. जुन्या यांत्रिक स्ट्रोजर एक्स्चेंजच्या खडखडाटात सुरुवात केली आणि डिजिटल सी-डॉट एक्स्चेंजच्या मुक्या कपाटांसमोर निवृत्त झालो. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं रेडिंगला आलो तेव्हा हिच्याकडे डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, मालिश, अंघोळ असा मोठा कारभार होता. माझ्याकडे कुणी काही सोपवलं नव्हतं, म्हणून मॉनिटरचं खातं मी आपणहून घेतलं. नंतर जावयाच्या मित्रांचे फोन येऊ लागले. त्या सगळ्यांना सुटं सुटं सांगत आलो ते इथे एकत्र लिहितो.

आधी घर ऐका

दुकानात जायच्या आधी एक प्रयोग करा. बाळ जिथे झोपणार त्या खोलीत मोबाइलवर बातम्या लावा, आवाज बाळाच्या कुरकुरीएवढा ठेवा, दार रोज जेवढं लोटता तेवढं लोटा. मग संध्याकाळी तुम्ही जिथे असता तिथे जाऊन उभे राहा. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट चालू करा, कुकर लावा, टीव्ही लावा. ऐकू येतं का?

लंडनमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा येतं. पुण्या-मुंबईच्या टू-बीएचकेमध्ये तर बाळ रडलं की वॉचमनलाही कळतं. तिथे मॉनिटर म्हणजे निव्वळ खर्च. इथली दुमजली घरं वेगळी आहेत. झोपायच्या खोल्या वर, स्वयंपाकघर खाली मागच्या बाजूला, मध्ये गालिचा टाकलेला जिना आणि विटांच्या भिंती. काही घरांत आपोआप लागणारी जड अग्निरोधक दारंही असतात. अशा घरात खाली भांडी घासताना वरचं बाळ ऐकू येत नाही, हे मी स्वतः उभा राहून पाहिलं.

या प्रयोगातून तुम्हाला हवं ते अंतर कळतं. खोक्यावर ‘घरात ५० मीटर, बाहेर ३०० मीटर’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते मोकळ्या माळावरचं आणि कोऱ्या बॅटरीवरचं गणित. लहरींना विटांच्या भिंतीपेक्षा धातू जास्त अडवतो. नव्या बांधकामात भिंतीच्या आत उष्णता अडवायला चकचकीत पन्नी लावलेली असते, तिथे लहरी मार खातात. मोठा आरसा, फ्रिज, गरम पाण्याची टाकी, यांच्यामागे यंत्र ठेवलं तरी तीच गत.

यंत्रांच्या जाती

बाजारात नावं शंभर आहेत, पण आतून पाहिलं तर जाती तीनच. सेल्समन हे सांगत नाही, कारण त्यालाही बहुधा माहीत नसतं.

पहिली जात नुसत्या आवाजाची. एक डबा बाळाजवळ, एक आपल्याकडे. हिला डेक्ट म्हणतात आणि खोक्यावर तसं छापलेलं असतं. घरातला बिनवायरचा टेलिफोन ज्या पद्धतीवर चालतो तीच ही पद्धत, त्यामुळे माझा जीव हिच्यावर आहे हे आधीच कबूल करतो. युरोपात या कामासाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवलेला आहे. त्यात दहा वाहक लहरी आणि प्रत्येकीवर बारा संभाषणांची सोय, म्हणजे एकशेवीस वाटा. यंत्र स्वतःच मोकळी वाट हुडकतं आणि शेजारच्याने तीच वाट धरली तर गुपचूप दुसरीवर जातं. घरच्या वायफायशी त्याचं काही देणंघेणं नाही. आवाज अंकांत बदलून जातो. जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांवर शेजारच्या घरातलं बाळ आपल्या स्वयंपाकघरात रडायचं, तो प्रकार इथे होत नाही. जोडणी तुटली तर आपल्याकडचा डबा टीं-टीं करून सांगतो, आणि हा गुण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. शांतता म्हणजे बाळ झोपलंय की यंत्र मेलंय, हा संशय राहता कामा नये. अशी जोडी साधारण तीस ते पन्नास पौंडांत येते.

दुसरी जात स्वतःचा छोटा पडदा असलेल्या व्हिडिओ मॉनिटरची. कॅमेरा आणि पडदा एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये इंटरनेट नसतं. ही यंत्रं २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारत राहतात, त्यामुळे बाहेरच्याला सहज पकडता येत नाहीत. पण हाच पट्टा वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हचाही. मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करायला ठेवलं की चित्र अडखळतं आणि पडदा ओट्यावरच ठेवला असेल तर जास्तच. बिघाड समजून लगेच परत पाठवू नका. पडदा चार पावलं लांब नेऊन बघा.

तिसरी जात वायफाय कॅमेरा. त्याचं चित्र फोनवर दिसतं. हा सगळ्यांत स्वस्त पडतो, सगळ्यांत लांब पोचतो आणि सगळ्यांत जास्त कटकटीचा असतो. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

जाता जाता एक गंमत. अशा यंत्रांतलं पहिलं गाजलेलं यंत्र अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९३७ साली काढलं. १९३२ मध्ये वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाचं अपहरण झालं होतं. त्या धसक्यातून कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडोनल्ड यांना ही कल्पना सुचली. ‘रेडिओ नर्स’ असं नाव, काळ्या-तपकिरी बेकेलाइटची पेटी आणि तिचा आकार घडवला होता इसामू नोगुची या शिल्पकाराने. आवाज जायचा घरातल्या विजेच्या तारांमधून! आपली वीज मंडळं उच्चदाबाच्या तारांवरून एकमेकांशी बोलायची ती हीच युक्ती. आज त्या पेट्या संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत.

आवाज घ्यावा की चित्र?

घरात यावर मतभेद होणार. आमच्याकडेही झाले. चित्र दिसायला लागलं की माणूस बघत बसतो. आमच्या शेजारच्या नव्या आईने व्हिडिओ मॉनिटर उशाशी ठेवला होता. बाळाने कूस बदलली की हिला जाग, बाळ हललं नाही की हिला काळजी. बाळ मात्र मजेत झोपत होतं. आवाजाच्या यंत्रावर कुरकूर ऐकू येते, तुम्ही थांबता आणि निम्म्या वेळा ते आपलं आपण परत झोपतं. उठून जायचं की नाही एवढाच प्रश्न असेल तर कानाने काम भागतं.

चित्राचा उपयोग खरोखर होतो तो दोन-तीन ठिकाणी. जुळी असली की कोण रडतंय ते कळतं. कॉटला धरून उभं राहायला लागलेलं मूल बाहेर तंगडी टाकतंय का, ते दिसतं. आणि एखाद्या आईला सिझेरियननंतर जिना चढणं जड जात असेल, तर वर जायची खरंच गरज आहे का हे बघून ठरवता येतं. यातलं काही तुमच्या घरात असेल तर बिनधास्त व्हिडिओ घ्या.

घेताना अंधारात बघा. दुकानातल्या झगमगाटात सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. रात्री ते अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्यावर चालतात आणि चित्र काळंपांढरं येतं. काहींचे दिवे अंधारात मंद लाल चमकतात (८५० नॅनोमीटरवाले), काहींचे मुळीच दिसत नाहीत (९४० वाले). न दिसणाऱ्यांचा पल्ला कमी असतो, पण आमच्या नातीसारखं टुकटुक बघत राहणारं मूल असेल तर तेच बरे. आपल्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर हे दिवे बहुधा जांभळट दिसतात.

आवाजाच्या यंत्रात ‘व्हॉक्स’ नावाची सोय असते. बाळ गप्प असलं की आपला डबाही गप्प, आवाज झाला की चालू. त्याने बॅटरी वाचते, पण संवेदनशीलता नीट लावली नाही तर घोळ होतो. फार वाढवली तर रस्त्यावरच्या गाडीनेही डबा जागा होतो, फार कमी केली तर बारीक हुंदका निसटतो. बाळाच्या खोलीत पंखा किंवा ते सूं-सूं आवाजाचं यंत्र चालू ठेवत असाल तर व्हॉक्सचा उपयोगच होत नाही, डबा रात्रभर उघडा राहतो. आणखी एक लहानशी सोय नक्की मागून घ्या. आवाजाच्या चढ-उताराबरोबर पेटत जाणारी दिव्यांची रांग. पाहुणे आलेत, कुकर होतोय, आवाज बंद ठेवलाय, तरी दिवे हिरव्यावरून लालवर गेले की कळतं. आमची ही ऐकायला थोडी कमी आलीये. तिने मॉनिटर कधी कानाने वापरलाच नाही, सगळा कारभार त्या दिव्यांवर चालला.

अंगाई वाजवणं, छतावर चांदण्या पाडणं, या गोष्टींचे पैसे देऊ नका. डब्यातून बाळाशी बोलायची सोयही आमच्याकडे निरुपयोगी ठरली. अंधारातून आईचा घोगरा आवाज आला आणि आई मात्र दिसेना, तेव्हा नात दुप्पट रडली.

सांगलीहून नात बघायची हौस

आता वायफाय कॅमेऱ्याकडे येतो. लेक-जावई तो का घेतात हे मला ठाऊक आहे. आजी-आजोबा देशात, नात इथे, तिकडे साडेचार-साडेपाच तास पुढे. आजीच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं की ती दुपारच्या चहाबरोबर नातीला झोपलेली बघते. मग मावशी मागते, आत्या मागते. एकच पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरतो आणि ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे कुणाच्याच लक्षात नसतं.

मायबापहो, त्या खोलीत तुमची मुलगी बाळाला अंगावर पाजते. नवराबायकोची कुरबुर होते, रडारड होते. त्या कॅमेऱ्याला मायक्रोफोनही असतो. कौतुकाची हौस व्हिडिओ कॉलवर भागते, तो घेणाऱ्याला कळतो आणि बंदही करता येतो. मी आजोबा असून हे लिहितोय, म्हणजे पोरांना सासरी-माहेरी सांगायला सोपं जाईल.

आणि धोका घरच्यांपुरता नाही. २०१३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ट्रेंडनेट या कंपनीवर कारवाई केली. तिच्या कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीमुळे सुमारे सातशे कॅमेऱ्यांचं थेट चित्र इंटरनेटवर कुणालाही दिसत होतं आणि त्यात कॉटमध्ये झोपलेली बाळंही होती. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती, कारखान्यातून आलेला पासवर्ड लोक बदलतच नाहीत.

ब्रिटनमध्ये आता यावर कायदा आहे. २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडायच्या घरगुती वस्तूला सगळ्यांसाठी एकच किंवा सहज ओळखता येणारा पासवर्ड देता येत नाही. सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळणार तेही विकणाऱ्याला सांगावं लागतं आणि त्रुटी कुठे कळवायची तेही. तेव्हा दुकानात किंवा कंपनीच्या पानावर हा अपडेटचा काळ आधी शोधा. तो सापडला नाही किंवा वर्षभराचाच निघाला तर पुढच्या यंत्राकडे वळा.

एवढं करूनही वायफाय कॅमेराच हवा असेल, समजा तुम्ही दोघंही कामावर आहात आणि बाळ सांभाळणाऱ्या बाईंकडे आहे, तर खाली सांगतो तेवढं करा. पासवर्ड नवा आणि दुसरीकडे न वापरलेला ठेवा. लॉगिन करताना फोनवर आकडा येण्याची दुहेरी सोय चालू करा. दुसऱ्याला दाखवायचं असेल तर अ‍ॅपमधून त्याला वेगळा प्रवेश द्या म्हणजे काढूनही घेता येतो, आपला पासवर्ड देऊ नका. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा, त्याचा मूळ पासवर्डही बदला. आणि बाईंना कॅमेरा आहे हे सांगा, चोरून लावू नका. ज्या माणसावर बाळ सोपवताय त्याच्यापासून लपवण्यासारखं काय आहे?

आणखी एक अडचण जाहिरातीत नसते. फोन रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असतो किंवा बॅटरी वाचवायला फोनच अ‍ॅपला झोपवतो. मग बाळ रडलं तरी सूचना येत नाही. शिवाय चित्र इंटरनेटवरून फिरून येत असलं तर दोन-चार सेकंद मागे असतं. ज्या फोनवर अ‍ॅप आहे तो घेऊन जावई ऑफिसला गेला की घरात मॉनिटर उरत नाही.

श्वास मोजणारे मोजे

गादीखाली ठेवायची पट्टी वीस सेकंद हालचाल झाली नाही की भोंगा वाजवते. पायात घालायचा मोजा नाडी आणि ऑक्सिजन मोजतो. नव्या आईबापांच्या मनातल्या सगळ्यांत मोठ्या भीतीवर हा बाजार उभा आहे, आणि मोज्याची किंमत तर बाळाच्या कॉटपेक्षा जास्त असते.

माझं शिक्षण तारांचं, औषधांचं नाही, म्हणून डॉक्टर मंडळी काय म्हणतात तेच सांगतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२२ च्या सुरक्षित झोपेच्या सूचनांत स्पष्ट सांगते की घरगुती श्वास-नाडी मॉनिटर हे बाळाचा अचानक मृत्यू टाळण्याचं साधन म्हणून वापरू नयेत. अशा एका मोज्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये कंपनीला ताकीद दिली होती. नंतर २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या सुधारित मोज्याला मान्यताही दिली. म्हणजे मोजतो बरोबर, एवढं मान्य झालं. त्याने जीव वाचतो असं त्यातून सिद्ध होत नाही. डॉक्टर एकमुखाने सांगतात त्या गोष्टींना पैसे पडत नाहीत. बाळाला उताणं झोपवा, गादी टणक आणि सपाट ठेवा, कॉटमध्ये उशी, लोड, मऊ खेळणी नकोत, घरात विडी-सिगारेट नको.

मुदतीआधी जन्मलेलं किंवा आजारी बाळ असेल आणि डॉक्टरांनीच घरी यंत्र लावायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हॉस्पिटलचं ऐका, माझं नको. बाकीच्यांनी त्या पैशांतून बाळाच्या प्रथमोपचाराचा वर्ग करावा. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्ससारख्या संस्था असे वर्ग घेतात. बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं हे हातांना माहीत असलेलं बरं.

वीस अंश आणि कुंची

बऱ्याच मॉनिटरवर खोलीचं तापमान दिसतं. ही सोय मला आधी फालतू वाटली होती. मग थंडी आली आणि घरात युद्ध पेटलं.

इथे बाळाची खोली १६ ते २० अंश ठेवायला सांगतात. आमच्या हिच्या हिशेबात २० अंश म्हणजे महाबळेश्वर. तिने नातीला अंगडं, त्यावर स्वेटर, पायमोजे, त्यावर दुपट्यात गुंडाळून डोक्याला कुंची असा जामानिमा केला. लेक म्हणत होती, अगं आई, घरात टोपी घालून झोपवायचं नसतं. त्याच दिवशी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणारी सरकारी परिचारिका, आली. ती काही बोलली नाही, तिने फक्त बाळाच्या मानेमागे हात घातला आणि मग हिचा हात धरून तिथे लावला. मान घामाने ओलीचिंब. तिने समजावलं ते असं: हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, ऊब बघायची ती छातीवर किंवा मानेमागे. जास्तीची उष्णता बाळ बरीचशी डोक्यावाटे टाकतं, म्हणून झोपताना डोकं उघडं. कुंची तेव्हापासून बाहेर फिरायला जातानाच निघते.

त्या आकड्याने वाद मिटायला मदत झाली खरी, पण मॉनिटरचं तापमान डोळे झाकून मानू नका. बाळाकडचा डबा भिंतीतल्या हीटरच्या वर किंवा स्वतःच्याच गरम अ‍ॅडॉप्टरला चिकटून असेल तर तो जास्त दाखवतो. आमचा दोन-तीन अंश जास्त दाखवत होता. शेजारी साधा तापमापक ठेवून एकदा ताडून बघा.

ठेवायचा कुठे

वायरीबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. कॅमेऱ्याची किंवा डब्याची वायर कॉटपासून किमान तीन फूट लांब हवी, ही अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची सूचना आहे. तिथे २०११ मध्ये एका कंपनीच्या सुमारे १७ लाख व्हिडिओ मॉनिटरबाबत धोक्याची सूचना निघाली, कारण वायर गळ्याभोवती अडकून बाळं दगावली होती. चित्र चांगलं दिसावं म्हणून कॅमेरा कॉटच्या कठड्याला चिकटवणारे महाभाग मी पाहिले आहेत. आज तीन महिन्यांचं असलेलं बाळ आठव्या महिन्यात उभं राहून हात लांबवतं, हे धरून आत्ताच जागा ठरवा. कॅमेरा समोरच्या भिंतीवर उंच लावा आणि वायर प्लास्टिकच्या पट्टीत बंद करून खाली सॉकेटपर्यंत न्या. झोळी किंवा पाळणा असेल तर झोका जिथवर जातो तिथून तीन फूट मोजा.

आवाजाचा डबा बाळापासून चार-पाच फुटांवर, तोंड बाळाकडे करून ठेवला की पुरे. उशाशी ठेवला तर श्वासाची घरघर इतकी मोठी ऐकू येते की तुम्ही घाबराल. आणि दोन्ही डबे एकाच खोलीत चालू ठेवू नका. लग्नाच्या हॉलमध्ये माईक स्पीकरसमोर नेल्यावर जी कर्कश शिट्टी वाजते, तीच इथेही वाजते आणि झोपलेलं बाळ टाणकन उठतं.

अमेरिकेतून येणारी भेट

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहणारी मावसबहीण मॉनिटर घेऊन येते. नको म्हणा. अमेरिकेतला डेक्टचा पट्टा १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ आहे आणि युरोपात त्या लहरी मोबाइल फोनना दिलेल्या आहेत. ते यंत्र इथे लावणं बेकायदा. अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचा असला आणि इथल्या २३० वर लावला तर धूर निघेल तो वेगळाच. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र जवळजवळ सगळीकडे मोकळा आहे, तिथे फक्त अ‍ॅडॉप्टरवर ‘१००-२४०’ लिहिलंय का बघा. इथलं यंत्र सुट्टीत सांगलीला न्यायचं तर वीज जुळते, पिनेला मात्र कन्व्हर्टर लागतो. कायमचं देशात परतत असाल तर तिथलंच घ्या, कारण भारतात रेडिओ यंत्राला वायरलेस खात्याची मान्यता लागते. तिकडे वीज गेली की राउटरही जातो हे धरून, बॅटरीवर चालणारं घ्या. बऱ्याच यंत्रांत फक्त आईबापाकडचा डबा बॅटरीवर चालतो, बाळाकडचा चालत नाही. हे खोक्यावर बारीक अक्षरांत असतं.

बॅटरी निघते का, तेही बघा. आत साधे पेन्सिल सेल असतील तर दोन वर्षांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणता येतात. आत डकवलेली बॅटरी असली तर ती मेल्यावर डबा जन्मभर प्लगला बांधलेला.

जुना घ्यावा का? आवाजाचा डेक्ट जरूर घ्या. एनसीटी या नव्या आईबापांसाठीच्या इथल्या संस्थेचे जुन्या वस्तूंचे बाजार भरतात तिथे चांगला मिळतो. दोन्ही डबे तिथेच चालू करून एकाने दाराबाहेर जाऊन बघायचं, अ‍ॅडॉप्टर मूळचा आहे का तपासायचं, नवे सेल घालायचे. जुना वायफाय कॅमेरा मात्र फुकट मिळाला तरी नको, त्याचे अपडेट बंद झालेत की चालू आहेत आणि तो अजून कुणाच्या खात्याला जोडलेला आहे हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. आपला कॅमेरा दुसऱ्याला देतानाही आधी स्वतःच्या खात्यातून काढा, मग मागच्या भोकात टाचणी घालून कारखान्याच्या स्थितीला न्या, आतलं मेमरी कार्ड काढून ठेवा. अ‍ॅडॉप्टर त्याच पिशवीत घाला, नाहीतर घेणारा ड्रॉवरमधला कुठला तरी जोडतो आणि मग रात्री साडेअकराला मला फोन येतो.